जिभेखालची गोळी

गोळी चुरून देते मी, चमच्याच्या पाठीनं, वाटीत.
अख्खी दिली तर कुणीतरी गालात दडवतं
आणि बुधवारी जुन्या बाजारात, गंजक्या नळांच्या ढिगामागं,
दीडशेला विकतं.
मग जीभ वर. भुकटी खाली. तोंड बंद.
सात मिनिटं.
भिंतीवरचं घड्याळ पुढं आहे, ते मी धरून चालते.

बोलायचं नाही, गिळायचं नाही.
बाकावर नऊजण,
चूळ भरून टाकायची विसरल्यासारखे.

बाकीचे बोलतात.

समोरच्या सोसायटीचे टोणगांवकर
पत्राची तिसरी प्रत देऊन पोच मागतात:
केंद्राला आमचा विरोध नाही, जागेला आहे,
वरच्या मजल्यावर मुलींचा क्लास असतो.
त्या क्लासची पाण्याची टाकी गेल्या आठवड्यात
झुंबर शेलारनं चढवली, चार जिने, एकट्यानं.
तो हे सांगत नाही.
त्याच्या तोंडात गोळी आहे.

रिटायर्ड हवालदार दारातूनच म्हणतात,
आम्ही पुड्या पकडायचो,
आता सरकारच वाटतंय.

डॉक्टर फरीदा तांबोळी, संस्थेच्या,
दर महिन्याला भांडायला येतात. खुर्ची दिली तरी बसत नाहीत.
मेडिकलवाल्यांवर धाडी घातल्यात, इंजेक्शन तिप्पट महागलंय,
पोरं एकच सुई चौघांत वापरतायत,
आणि तुमचा साठा ऐन मार्चमध्ये संपतो!
फ्लेक्सला बरे पैसे असतात?
फ्लेक्सवर मुठीत चुरगळलेली सिगारेट आहे.
इथं सिगारेटसाठी कुणी येत नाही.

मुंबईहून आलेला तरुण साहेब रजिस्टर उलटतो.
मुक्त किती झाले?
मी म्हणते, येतात.
त्यासाठी रकाना नाही.

मला प्रत्येकाचं थोडं थोडं पटतं. हवालदाराचंसुद्धा.
अकरा महिन्यांच्या कंत्राटावर एवढंच परवडतं.

मग सव्वीस जून. व्यसनविरोधी दिन.
सकाळी साडेदहाला गाड्या लागल्या, बॅनर, नारळ, फोटोग्राफर.
दहा-पंचविसाला मी गोळ्या दिलेल्या.
साहेब माइकवर म्हणाले, उजवा हात पुढे करा.
नऊ हात पुढं आले. तीन थरथरत होते.
मी अशी शपथ घेतो की.
बाकावर शांतता.
साहेब पुन्हा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.
मी पुढं होऊन सांगणार होते, सर, चार मिनिटं थांबा,
पण मला माझं कंत्राट आठवलं,
आणि तेवढ्यात झुंबरनं तोंड उघडलं.

मी अशी शपथ घेतो की
पांढरी लाळ हनुवटीवरून शर्टाच्या गुंडीवर
मी आजन्म
उरलेलं त्यानं गिळलं
कोणत्याही अमली पदार्थाचं
टाळ्या.

गिळलेली गोळी फारशी लागत नाही. दुसरी देता येत नाही,
नियम आहे, आणि नियम बरोबर आहे,
तो मीच प्रशिक्षणात पाठ म्हणून दाखवला होता.
दुपारपासून त्याला जांभया. नाक वाहतंय.
रात्री त्याची बायको कमल शेजारणीच्या फोनवरून:
ताई, गोधडीत बसलाय, जूनमध्ये, दात वाजतायत,
कुठं गेला तर मी काय करू?
मी म्हटलं, कडी लाव.
दुसरं काही मला सुचलं नाही.

सकाळी नऊला शटर वर केलं तर
तो पायरीवर. गुडघ्यांत डोकं.
शेजारी कमल, चपला हातात, जागरणानं डोळे लाल.
सिस्टर, तो म्हणाला,
दोन्ही घ्यायच्या होत्या.
एकच घेता आली.

त्रैमासिकात फोटो छापून आलाय, खाली ओळ: उत्स्फूर्त प्रतिसाद.
आठ तोंडं मिटलेली, एक उघडं.
नीट पाहिलं तर हनुवटीवर काहीतरी चमकतंय,
छपाईचा दोष वाटावा इतकंच.
झुंबरनं तेवढं पान मागून नेलं, घडी घालून.
टोणगांवकरांना पोच दिली, तारीख टाकून.

जीभ वर.