मागे काय वाहतेस?

ट्रेलेवच्या त्या दुकानात भिंतभर शॉकअप टांगलेले,
पिवळे, निळे, काळे,
वाळत घातलेल्या माशांसारखे डोळ्यांतून लटकत.
योर्वर्थ म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर ढकलला.
"गाडी कुठली ते दिसतंय. मागे काय वाहतेस?"

मी म्हटलं, सहाशे किलो. कधी सातशे.
लोकरीचे गठ्ठे, कातरणीचं यंत्र, डिझेलचं पिंप,
आणि त्यावर बसलेली पाच माणसं.
सांगता सांगता माझं मलाच खरं वाटायला लागलं.

तो काही बोलला नाही. बाहेर आला,
पिकअपच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून
अंगाचा सगळा भार टाकला, आणि सोडला.
एक. दोन. तीन. चार.
पाचव्यांदा गाडी हलली ती बहुतेक लाजून.
"एकदा खाली, एकदा वर, मग गप्प.
चांगला शॉकअप एवढंच करतो, नेलिदा."

मग त्यानं हौद्यात डोकावलं.
एक स्टेपनी. कुत्र्याच्या खाण्याचं अर्धं पोतं.
आमादेओचं खोगिराखालचं घोंगडं, त्यावर केस.
ताकाला जाऊन भांडं लपवायचं,
तर माझं भांडं हे असं पालथं, उघड्यावर.

"हात लाव," तो म्हणाला.
पहाटेपासून खडीवरून आले होते,
रस्ता सगळा पन्हळी पडलेला,
दात आवळले नाहीत तर जीभ चावली जाते.
गुडघे टेकून चाकामागे हात घातला.
पुढचा डावा थंड.
मागचे दोन्ही नदीतल्या गोट्यासारखे थंड.
पुढचा उजवा तेवढा कढत,
चुलीवरून नुकत्याच उतरलेल्या किटलीसारखा.

"काम करतो तो तापतो. वजन पाटे उचलतात,
हा नुसता हादरा गिळतो आणि त्याची ऊब करतो."

म्हणजे तीन केव्हाच गेले होते,
आणि मला वाटत होतं, रस्ता बिघडलाय.

काउंटरवर त्यानं दोन ठेवले.
एक जाड, गॅस भरलेला, मनगटाएवढ्या दांड्याचा.
एक साधा, तेलाचा.
"जाड घेतलास तर रिकाम्या गाडीत
खडा लागला तरी सीटवरून उडशील.
ओझं पडल्याशिवाय हा माणसात येत नाही."

आमादेओनं जाडच घेतला असता.
हंगामात माल उतरवला की ही गाडी
वीतभर वर यायची,
जेवणावरून कुणी पोट धरून उठावं तशी.
राखेच्या वर्षी मेंढ्या विकल्या.
भाऊ आता कोमोदोरोला, तेलाच्या विहिरींवर.
रविवारी फोन करतो, विचारतो,
गाडी कशी आहे?
मी कशी, ते त्यानंतर.
कधी ते राहूनच जातं.

जाड हातात धरून बराच वेळ उभी राहिले.
योर्वर्थ पावतीपुस्तकाच्या कडेला मिशा काढत होता.
शेवटी साधे घेतले. चार.

"उजवा अजून जिवंत आहे," मी म्हटलं.
"जोडी मोडू नये," तो म्हणाला, "एक नवा एक जुना,
गाडी एकाच अंगाला ओढते."
त्याच्या पोरानं दुपारपर्यंत सगळे काढले.
तीन भंगारात टाकले.
चौथा मी मागून घेतला.
कशाला, ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नसतं.

परतीला पन्हळी त्याच, वारा तोच.
गाडी एकदा खाली, एकदा वर, गप्प.
इतकी गप्प की घड्याळाची काच ऐकू यावी.
फक्त हौद्यात तो एकटा,
वळण आलं की या कडेहून त्या कडेला गडगडत,
कुत्र्याच्या पोत्याला धडकत.

पेट्रोल पंपावर रेंज आली, फोन वाजला.
रविवार नव्हता.
गाडी कशी आहे?
"रिकामी," मी म्हटलं. "मस्त चालतेय."
पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.
मग त्यानं विचारलं, जेवलीस का.