बर्फ किती लिहू

देवगडच्या बर्फकारखान्यात मी हिशेब लिहितो.
वाऱ्याचा तिसरा दिवस, बंदरावर बावटा चढलेला,
मथुरा सारंग खिडकीशी येऊन विचारते,
"उद्याक आमच्या लाँचीक बरफ किती लिवलंस?"

लाँच कुठे आहे, हे ती विचारत नाही.
वायरलेस काय म्हणाला, तेही नाही.
बर्फ लागतो पुन्हा निघणाऱ्या लाँचीला,
आणि पुन्हा निघायला आधी परत यावं लागतं.
एवढं सगळं ती दहा लाद्यांत बसवते.

मी दहा लिहितो. शाईने.

वाईट बातमीला इथे कोणी शोधत नाही.
तिला सगळ्यांची दारं पाठ.
रात्री दोनला कडी वाजवते,
नाव विचारून खात्री करून घेते.
चांगली मात्र कुणाच्या तरी खिशात विसरलेली,
रेंज नसलेल्या फोनात अडकलेली,
हाताला धरून आणावी लागते.
हे आपलं मी म्हणतो.
मथुरा म्हणते, "सुरमयचो दर काय फुटलो?"

चौथ्या दिवशी खाडीत गुजरातच्या लाँची शिरल्या,
आसऱ्याला, एकमेकींना खेटून.
खलाशांच्या भुवयांवर मीठ.
मथुरा पेजेचा टोप घेऊन जेटीवर उतरली.
त्यांची भाषा येईना, तर स्वतःचा फोनच पुढे केला.
"घराक सांगलास?"

कानजी नावाचा पोरगा, विशीचाही नसेल,
नंबर आठवत आठवत दाबत होता.
पलीकडे एक बाई ओरडली,
मग काहीच नाही,
मग नुसतं रडणं.
मथुराने खूण केली, स्पीकर लाव.

शेकोटीवर हात धरावेत
तशी ती ऐकत राहिली
दुसऱ्याच्या आईचं रडू.
टोप रिकामा होईतो पाच घरं बोलली.

तुझं काय गं यात, असं विचारणार होतो.
पण मीही वही उघडी टाकून
तिथेच उभा होतो की मघापासून.

संध्याकाळी पुन्हा खिडकी.
वायरलेसवर नुसती खरखर.
मी म्हटलं, कुणी सांगावं,
रत्नागिरीला नाहीतर मुरगावला
एखादी बाई तुझ्या बाबलाला फोन देत असेल,
आणि तुझा नंबर दुपारपासून बिझी.

ती कपाळावर हात मारून
जेटीकडे धावली, फोन आणायला.
अर्ध्या वाटेवर वळून ओरडली,
"बारा लिव!"