काळी ताटली

संध्याकाळी सहाला गंगावेशीच्या कट्ट्यावर
गिऱ्हाईक पेले घेऊन उभं असतं
आणि माझी पहिली धार जाते ताटलीत.

ताटली म्हणजे जुन्या बाजातली तबकडी.
कुणाचं गाणं होतं, लेबल केव्हाच गेलं.
नवऱ्यानं शेगडीवर धरून कडा वर वळवल्या,
काळीभोर, हव्या तशा उथळ.
चारी सडांच्या दोन-दोन चिळकांड्या,
मग बल्बखाली तिरकी करायची.
सरळ ओघळलं तर मैना बरी.
तांदळाच्या कण्या दिसल्या, की थांबायचं.

आज कण्या होत्या.
मागलं उजवं सड.
हात लावला तर तव्यावरनं उतरवलेली भाकरी,
आणि मैनानं पाय उचलला,
जी पोरांनी शेपटी ओढली तरी उचलत नाही.

कंडक्टर आवटी पेला पुढं करून उभा.
"वैनी, गाडी सुटंल माजी."
"सुटू दे. आज मैनाचं न्हाई."
"अवो, पांढरं तर हाय!"
"पांढरा चुनाबी असतोय."

कावेरीच्या वेळी मला हे बोलता आलं नव्हतं.
पाडवा तोंडावर, शिंगं रंगवायची घाई,
कास जड दिसली, मामंजी म्हणाले, दिष्ट.
मीठ-मोहरी उतरली, हळद-चुना थापला,
मोरपीस खोचून, कवड्या बांधून
तापलेल्या म्हशीला मी गावभर मिरवली.
चौथ्या दिवशी कास दगड.

डॉक्टर मगदूम शेणातच गुडघ्यावर बसले.
रागावले असते तर बरं झालं असतं.
"दगडी म्हणता ना तुम्ही ह्येला?
मग दगूड व्हायच्या आधी फोन करायचा."
सड गेलं.
अजून ती तिघांवर देते,
चौथं वाळल्या मिरचीसारखं लोंबतं.
धुताना मी त्यालाही धुते.

जाताना त्यांनी माझा अंगठा धरला,
पेरावरचा घट्टा दाबून बघितला.
"अंगठा दुमडून पिळता. सड आतून चेंगरतं."
हा घट्टा सासूला होता, तिच्या सासूला होता,
आम्ही तो बांगडीसारखा मिरवत आलो.
एकेचाळीसाव्या वर्षी मी मुठीनं पिळायला शिकले.
आठवडाभर दूध कमी, मनगटं सुजलेली,
आणि लेक हसायची, आई, तू नवी सून झालीस.

आता हरेकीचं फडकं वेगळं, कोरडं.
दुखणेकरी म्हस शेवटी.
धार संपली की सड औषधाच्या पेल्यात बुडवायचं
आणि पुढ्यात वाडं टाकायचं, उभी राहू दे अर्धा तास;
सडाचं तोंड तेवढा वेळ उघडंच असतं,
बसली की गोठा आत शिरतो.
मामंजी म्हणतात, म्हशीची बाळंतीण केलीस.
म्हणू देत.

मगदूम आठला आले. थर्मामीटर, सुई,
सडात बारीक नळीचं औषध.
"शेवटच्या सुईनंतर किती दिवस इकायचं न्हाई,
लिवून देतो. घरातबी न्हाई. रेडकालाबी न्हाई."
तोवर दर दोन-तीन तासांनी पिळून रिकामी करायची
आणि सगळं बादलीत, बादलीत फिनेल.
कट्ट्यावरची एक बाई बघत होती,
"पाप लागंल गं," म्हणाली.
मी बादली खड्ड्यात ओतली.
पांढरं पाणी मातीत जायला बराच वेळ लागतो,
बघवत नाही, म्हणून बघत उभी राहिले.

आवटीची गाडी तर केव्हाच गेली होती.
तो कावेरीचं प्याला, मिशी पुसली.
"ह्येच्यात काय कमी वाटंना की."
"एक सड कमी हाय," मी म्हटलं.
त्याला वाटलं, मी पैशाचं बोलतेय;
सुटे काढून ठेवले.

रात्री ताटली धुवायला घेतली.
उकळतं पाणी चालत नाही तिला, वाकते.
औषधाचं कोमट पाणी, आणि तरी
रेघांत कणी अडकून बसते.
नखानं काढताना
बारीक कुरकुर होते तबकडीची.
गोठ्यात मैनानं कान टवकारले.