थांबा, चोपडा रस्ता

नकाशात थांब्याचं तोंड पश्चिमेला होतं.
मी तसाच बांधला.
वैशाखात दुपारी चारला बघायला गेलो
तर बाक रिकामा, तापलेला तवा,
आणि विजेच्या खांबाच्या सावलीत
सात माणसं एकामागे एक,
सावली सरकेल तशी सरकणारी.

बाकीची थांब्याच्या पाठीमागे,
भिंत आणि रईस पंक्चरवाल्याची टपरी
यांच्यामधल्या हातभर बोळात.
तिथून एसटी दिसत नाही.
म्हणून एक पोरगं उन्हात, पाळीपाळीनं.

धुरपताबाई म्हणाल्या,
"सावली मांगे पडस, आन् बाक पुढे?"
मी नकाशा उघडलाच नाही.

सुपडू मिस्त्रीनं भिंतीला खिडकी पाडली,
अमळनेरकडून येणारी गाडी दिसेल अशी.
नेमकी कोनशिलेतून गेली,
देणगीदाराचं आडनाव तेवढं उरलं.
रईसनं टपरी दोन फूट मागे घेतली,
बाक तिथे गेला,
आणि त्याचा माठ बाकाच्या टोकाशी आला.

बिलात मी लिहिलं: किरकोळ दुरुस्ती.

परवा उतरलो तर बाक भरलेला.
धुरपताबाईंनी मेथीची टोपली मांडीवर घेतली.
"बठ, भाऊ."
गाडीला अजून वेळ होता.
खिडकीत फक्त रस्ता,
आणि उन्हात कोणीच उभं नव्हतं.