अकराव्याचं पान

चार छटा. त्यातली एक तर
पडद्याचंच रिकामं, शेवाळी पाणी.
उरलेल्या तिघींत मला भरायचंय
अख्खं साइमा सरोवर,
जुलैतलं, रात्री साडेदहाचं, उजेड न विझलेलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण अंथरूण बत्तीस किलोबाइटचं
आणि नाव चौदा वल्ह्यांची.

बर्चच्या झाडाला आठ बाय आठ ठिपके.
पहिल्या रात्री काढलं ते दात घासायच्या ब्रशसारखं दिसलं.
दुसऱ्या रात्री त्यातले दोन ठिपके पुसले
आणि वारा सुटला.

मग नाव आणली पाण्यात.
या जुन्या यंत्राचा नियम असा,
की एका आडव्या ओळीत पंगत दहाचीच.
अकरावा पानावरून उठवला जातो
न बोलता, न भांडता.
पुढच्या पाच जोड्या वल्ही मारत होत्या,
मागे दोन बाकं मोकळी,
आणि तीस वर्षं सुकाणू धरलेली ताइमी
कुठेच नाही.

उर्पोला दाखवलं. लाकूड-गिरणीत जन्म गेला त्याचा.
त्याच्या अंगठ्यांखाली बटणं दिसेनाशी झाली.
सहाव्या जोडीच्या जागेवर बोट ठेवून म्हणाला,
"मी कुठंय?"
म्हटलं, यंत्र म्हातारं आहे.
म्हणाला, "मीही."

तीन आठवडे गेले.
आता दर फ्रेमला पंगत सरकते.
पाच जण उठतात, पाच बसतात,
सेकंदाच्या साठाव्या भागापुरतं
प्रत्येकाने आळीपाळीने नसायचं.
कुठल्याही क्षणी नाव थांबवून मोजा,
पाच कमीच भरतील.
चालू द्या, की पंधराच्या पंधरा,
जरा लुकलुकणारे,
तिरप्या उन्हात लांबून येणारी माणसं दिसतात तसे.

उर्पोने धक्क्यावर बसून दोन शर्यती मारल्या.
कॉफी निवली.
एलिसकडे बघून हसला : "हा असाच,
अर्धा वेळ नावेत नसतोच."
स्वतःकडे मात्र बराच वेळ बघत राहिला.
मग यंत्र परत देताना,
"शेवटच्या जोडीचं वल्हं
उशिरा पडतंय."

घरी येऊन तपासलं.
खरंच.
एका फ्रेमने.