धूपबंदरावर उतरणाऱ्यास

मोरजकरकाका, आधी नाव नीट ठरवा.
मागाहून बदलायला पैसे पडतात.
मी सोळाव्या वर्षी घाईत 'मृत्यूचा भाचा' ठेवलं,
आता एकतिशीत सहकारी बँकेत कर्जाच्या फायली बघतो
आणि रात्री अकरा वाजता
अर्धं जग मला भाचा म्हणून हाक मारतं.

पहिल्याच पानावर वंश विचारतील.
दचकू नका,
इथे तो आपण निवडायचा असतो.
बुटक्याला ओझं जास्त पेलतं,
यक्षाला अंधारात दिसतं.
तुमचा मोतीबिंदू पाहता यक्षच घ्या.

पंधरा वर्षं चालू आहे हा खेळ.
पुढे गेलेले इतके पुढे गेलेत
की गाठायचा विचार सोडून द्या.
आपल्या माझगावात आता खोली घेण्यासारखं आहे ते,
ज्यांनी तेव्हा घेतली त्यांनी घेतली.
म्हणून रस्त्यावरून चालायला कोणी अडवतंय थोडंच?

पहिली तलवार विकू नका.
दोन कवड्या येतात तिच्या,
आणि मग ती कुठल्याच दुकानात नसते.
मी विकली.

फुकट सोनं देणाऱ्याला नाही म्हणा.
पासवर्ड मागणाऱ्याला तर काहीच म्हणू नका, निघून या.
(बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तुम्ही
ओटीपी वाचून दाखवला होतात, दोनदा,
दुसऱ्यांदा सावकाश.)

मेलात तर लाजू नका.
मरण म्हणजे मागच्या दगडापासून पुन्हा चालत येणं,
आणि चिलखताच्या डागडुजीचा थोडा खर्च.

टोळी शोधा, पण बघून.
आमच्यात वसईच्या डायना घोन्साल्विस आहेत,
जखमा त्या भरतात.
ओव्हनमध्ये केक असला की मधेच उठून जातात,
आणि त्या येईपर्यंत राक्षसाला कोणी हात लावायचा नाही.
एवढा एकच नियम आमचा.
ज्या टोळीत असला एखादा नियम नाही
तिथे कितीही लूट मिळो, शिरू नका.

हे सगळं मी तुम्हाला लिहून दिलं होतं,
वहीच्या पानावर, मोठ्या अक्षरात.

रविवारी जिना उतरून आलो,
म्हटलं, बघू कुठवर पोचले.
तीन आठवडे झालेले. लेव्हल दोन.
तुमचा यक्ष धूपबंदराच्या धक्क्यावर,
जिथे सगळे उतरतात
आणि उतरल्या उतरल्या पळत सुटतात,
तिथेच उभा.
बाजूला तो म्हातारा कोळी, डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह घेऊन,
काम सांगायला ताटकळलेला.

"हा दोर बघ," तुम्ही म्हणालात,
चौतीस वर्षं गोदीत दोरखंड ओढलेलं बोट
पडद्यावर टेकवून.
"ढील ठेवलेली नाही. ओहोटी लागली की जहाज लटकेल.
दुसऱ्याचंही तेच.
पण तिसऱ्याचा फास बघ, तो खुंटाला कसा घेतलाय.
हे ज्यानं काढलं ना,
तो धक्क्यावर उभा राहिलाय कधीतरी. किंवा त्याचा बाप."

तिथे तीन जहाजं आहेत
हे मला माहीत नव्हतं, काका.
पंधरा वर्षांत त्या धक्क्यावर
सगळी मिळून चार मिनिटं थांबलो असेन.

वर येऊन टोळीला कळवलं, आज मी नाही.
राखेच्या खोऱ्यातून निघालो, नव्वदाव्या लेव्हलचा,
तांबड्या पंखांच्या गरुडावर बसून,
जो मिळवायला मला दोन गणपती लागले,
आणि तुमच्या यक्षाशेजारी धूळ उडवत उतरलो.

खालच्या मजल्यावरून, खिडकीतून,
तुमचा आवाज आला:
"ते पाखरू जरा बाजूला घे रे.
दोर दिसत नाहीये."