पाचपैकी

निघायच्या दिवशी काउंटरवरच्या पोरीनं
हातात मोबाइल दिला.
मामा, एवढं भरा की, दोनच मिनिटं.
फॉर्म इंग्रजीत, नाहीतर कन्नडात.
वैजयंता मराठीत सांगू लागली:
एक ते पाच चांदण्या. समाधान किती?

एकतीस वर्षं उद्यमबागेत तपासनीस होतो मी.
व्हर्नियरवर दोन शतांश मिलिमीटर बघणारा डोळा.
कास्टिंग गेजमधून गेलं तर गेलं,
नाहीतर लाल पट्टा, आणि कोपऱ्यातला ढीग.
मधलं काही नव्हतं.
आता पाच खणांत सदतीस दिवस बसवायचे.

स्वच्छता?
रझाक मुल्ला रात्री तीनला भांडं घेऊन यायचा,
तोंड भिंतीकडे करून उभा राहायचा
आणि माझं होईपर्यंत
त्याच्या लंगड्या बोकडाच्या गोष्टी सांगायचा.
याला कुठला खण?

जेवण?
उप्पीट गार. रोज गार.
खरं डाव्या हातानं, न सांडता घेतलेला पहिला घास
त्या गार उप्पिटाचाच होता.
दोन लिही, म्हणालो.
मग म्हणालो, थांब.

कर्मचाऱ्यांची वागणूक?
शिवलीला यड्रावी, असेल चोवीसची.
गुडघ्याला कोनमापक लावायची, वहीत टिपायची:
चाळीस. बासष्ट. परत अठ्ठावन्न.
एकदा विचारलं मी,
शब्द अजून जिभेवरून घसरायचे तेव्हा,
टॉलरन्स किती धरतीस?
दोनदा सांगावं लागलं.
मग हसली. ड्रॉइंग कुठाय मामा तुमचं?
आणि पाय धरून म्हणाली, इन्नोंद.
आणखी एक.
दोन दांड्यांच्या मधे रडलो, तेव्हाही इन्नोंद.
शिवी दिली तिला, मराठीत, सणसणीत.
कळली तिला. इथं सगळ्यांना कळते.
इन्नोंद.

सात नंबरला सातगोंडा मगदूम, निपाणीचे,
तंबाखूच्या वखारीत जन्मभर काट्यावर.
चाकाच्या खुर्चीतून आले, चाकाच्या खुर्चीतून गेले.
मुलानं दारातच, दात ओठ खात, एक चांदणी दिली.
म्हाताऱ्यानं शिवलीलाला हाक मारून
पायाखालची पिशवी दिली, भाजलेल्या शेंगांची,
घरून मागवलेली.
तेच सव्वीस दिवस. तोच पाय.

शेवटचा प्रश्न:
मित्राला इथं यायची शिफारस कराल का?
वैजयंता वाचतानाच अडखळली.
कुणाचं नाव घेऊ?
बाळू लोहाराला सांगू,
ये बाबा, तुझ्याही डोक्यातली शीर फुटू दे,
उजवीकडचं सगळं जाऊ दे,
मग बघ, सोय कशी छान आहे?

बोट मीच लावलं. उजवं.
मनात चौथी धरली होती,
पाचवी उप्पिटानं नेली.
बोट थरथरलं, तिसरीवर टेकलं
आणि फॉर्म गेला. धन्यवाद.
पोरगी म्हणाली, आता परत येत नाही तो.

बाहेर रिक्षा, मजगावपर्यंत दीडशेला ठरलेली.
मी काठी वळवली.
काउंटरपासून व्यायामाच्या खोलीपर्यंत एकाहत्तर पावलं,
रॅम्पवर दोनदा थांबून.
तिला सांगायचं होतं,
ती तिसरी माझी नव्हे.

ती पाठमोरी, नव्या माणसाचा पाय मांडीवर घेऊन.
तो कन्नडात शिव्या घालत होता.
कोनमापक फरशीवर पडलेला.
दारात उभा राहिलो.
मागून वैजयंता, बाबा, रिक्षावाला ओरडायलाय.
ओरडू दे, म्हणालो.

इन्नोंद.
इन्नोंद.
नवापर्यंत मोजले मी.